तीनशेवा पेशंट

इमर्जन्सी विभागातल्या डॉक्टरबाईंचं संशोधन सहा प्रश्नांचं होतं. प्रश्न सहाच, पण त्यांच्यापायी बाईंनी तीन वर्षं घालवली होती. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला ते विचारायचे, कार्डिओग्राम आणि रक्ताचा रिपोर्ट बघायचा आणि गुण द्यायचे. गुण तीनच्या आत आले, की माणूस बिनघोर घरी. महिन्याने फोन करून तो धडधाकट आहे ना, एवढं विचारायचं. असे तीनशे जण घरी गेले होते. दोनशे नव्व्याण्णव जण फोनवर ठणठणीत बोलले. एकाचा फोन मात्र आठवडाभर बंद.

"संपर्क झाला नाही, असं लिहून टाका," विभागप्रमुख सर म्हणाले. "एखादा सुटतोच. शोधनिबंध पाठवायची तारीख तोंडावर आलीय."

तसं लिहिताही आलं असतं. पण त्या माणसाला, एका शिंप्याला, बाईंनी स्वतः घरी पाठवलं होतं. "काही नाही हो, गॅसेस आहेत," असं वर हसून सांगितलं होतं. तो जिवंत आहे की नाही, या विचाराने त्यांना दोन दिवस अन्न गोड लागेना. शेवटी फॉर्मवरचा पत्ता घेऊन त्या दुपारच्या निघाल्या.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन चादरीने झाकून ठेवलेलं दिसलं आणि बाई उंबऱ्यातच थबकल्या.

"मी दवाखान्यातून आलेय," आतून आलेल्या शिंप्याच्या बायकोला त्या कसंबसं म्हणाल्या. पुढचं विचारायचं धाडस होईना.

"अहो, ऐकलंत का? डॉक्टरबाई आल्यात!" बायकोने आत हाक मारली आणि शिंपी खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

फोन बायकोनेच बंद करून पिठाच्या डब्यात लपवला होता. "दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत बसतात. डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना!"

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"हार्टच्या दवाखान्यातल्या," शिंपी म्हणाला. "दोन स्प्रिंगा बसवल्यात. तुमच्याकडून निघालो त्याच दिवशी. पायऱ्यांवर दोनदा कठडा धरून थांबलो, तर फरशी पुसणाऱ्या तुमच्या मावशींनी बघितलं. त्या आत जाऊन आल्या आणि हिला म्हणाल्या, घरी नेऊ नका, थेट तिकडेच न्या. रिक्षासुद्धा त्यांनीच थांबवली."

दोघांपैकी कोणी रागावलं नाही. उलट बायकोने पाणी दिलं आणि "तुम्हाला तरी किती पेशंट बघायचे असतात!" म्हणून समजूत घातली. बाईंना त्याचीच जास्त लाज वाटली.

परत आल्या त्या सरळ मावशींपाशी. मावशी बादलीत फडका पिळत होत्या.

"मावशी, त्या शिंप्याचं मला का नाही सांगितलंत?"

"आले होते की. दोनदा आले," मावशी म्हणाल्या. "तुम्ही त्याचाच कागद भरत होतात. मान वर केली नाहीत. नुसता हात केलात आणि म्हणालात, नंतर, मावशी."

बाईंना तो हात आठवला. टेबलाशी जाऊन त्यांनी शिंप्याचा फॉर्म काढला आणि लिहिलं, 'गुण दोन. हार्ट अटॅक होता. माझ्याकडून सुटला.' सर भडकणार होते, तारीखही हुकणार होती. होऊ दे, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बसड्रायव्हर छाती चोळत आला. प्रश्न झाले, कार्डिओग्राम झाला, रक्ताचा रिपोर्ट आला. गुण एक. 'घरी जा' म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"मावशी," त्यांनी हाक मारली, "यांना जरा पायऱ्यांपर्यंत चालवून आणू या का?"

मावशींनी फडका बादलीत टाकला, हात पुसले आणि ड्रायव्हरच्या बाजूने चालू लागल्या. बाई कागद टेबलावरच ठेवून त्यांच्या मागोमाग गेल्या.