कात्रीची कडी

शिलाईच्या दुकानात कापड कापायचं काम धाकटीचं. दादा मशीनवर बसला की वाघ, पण कात्री हातात घेतली की त्याची शेळी होई. एक चुकीचा काप गेला की अख्खा तागा वाया, या धास्तीने त्याने कापायच्या टेबलाकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी गणवेशांचा हंगाम ऐन भरात असताना धाकटी स्टुलावरून पडली, तीही नेमकी उजव्या हाताच्या अंगठ्यावर. अंगठा मुळापासून मागे वळला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हात पाहिला, तिला बाहेर बाकावर बसवलं आणि दादाला आत बोलावलं. दादा हसतच बाहेर आला.

"मुरगळलाय नुसता. पट्टी बांधून ठेवायची. होईल बरा."

त्याच संध्याकाळी तो कात्री घेऊन धारवाल्याकडे गेला आणि अंगठा घालायची कडी कानशीने घासून मोठी करून आणली. पट्टीसकट वाकडा अंगठा आरामात आत गेला. धाकटीने ही गोष्ट गल्लीभर सांगितली. असा भाऊ मिळायला नशीब लागतं म्हणाली. बिचारी!

हंगाम सरला, वर्ष सरलं, पण अंगठा काही सरळ होईना. ठणका कोपरापर्यंत चढू लागला, तेव्हा ती स्वतःच मोठ्या इस्पितळात गेली.

"मुरगळलाय कसला? सांधा निखळलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी आला असतात तर बहुधा नुसता ओढून बसवला असता. आता उघडावा लागेल. आतली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, शाबूत असली तर सांधा जागेवर बसवून तार घालू. झिजली असली तर दोन्ही हाडं कायमची जोडावी लागतील. दुखणं थांबेल, पकडही येईल, पण तो सांधा वाकणार नाही."

"मग कात्री?"

"ते उघडल्यावरच कळेल."

ऑपरेशनच्या दिवशी दादा फळं घेऊन आला आणि आल्याआल्या त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांवर घसरला. "गाढव आहे तो! त्याला मुरगळलेलं नि निखळलेलं कळत नाही!"

धाकटी मान डोलावत होती. डोलावता डोलावता थांबली. मुरगळणं म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. त्याच्यासाठी कुणी लोखंड घासून आणतं?

"दादा, तुला त्याच दिवशी माहीत होतं."

दादा सफरचंद पुसत राहिला.

"माल द्यायचा होता गं. म्हटलं, हंगाम उरकला की नेऊ तुला."

"मग उरकल्यावर?"

"तू कापतच होतीस की. छान कापत होतीस."

परक्याने फसवलं असतं तर तिने त्याला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या. इथे शिव्या घालायलाही तोंड उघडेना.

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता. पडद्याआडून डॉक्टरबाईंचा आवाज आला, "पार झिजलीय. जोडून टाकू." धाकटी छताकडे बघत ढसाढसा रडली. दुखतंय का, असं नर्सने विचारलं. ती नाही म्हणाली.

प्लास्टर निघालं, हाडं जुळल्याचं डॉक्टरबाईंनी सांगितलं, तेव्हा ती दुकानात गेली. टेबलावर कापडाचे थर तिची वाट पाहत पडले होते, नवा हंगाम तोंडावर आला होता. तिने कात्री उचलली. ताठ अंगठा त्या ऐसपैस कडीत नुसता खुळखुळला. दोनदा प्रयत्न केला, दोनदा कात्री निसटली.

"कडीला आतून कापड गुंडाळू," दादा घाईघाईने म्हणाला. "मी करतो ना सगळं!"

"हात दे."

त्याने हात पुढे केला. तिने त्याचा जाडजूड, धडधाकट अंगठा कडीत घातला. मापाने शिवल्यासारखा बसला.

"बघ, तुझ्याच मापाची करून आणली होतीस," ती म्हणाली. "आता तूच काप."

आणि चपला घालून बाहेर पडली.