मशीन ओटीतच होती

रुक्माच्या मेंदूतली गाठ पूर्ण निघाली, असं डॉक्टर अच्युत खेरांनी सांगितलं तेव्हा चंपत गजभियेनं त्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. दोन महिन्यांनी एमआरआय झाला. त्याच जागी बोराएवढा तुकडा होता, आणि रिपोर्टात लिहिलं होतं की तो मागेच राहून गेलाय.

"एवढा तुकडा दिसला कसा नाही?" चंपतनं वॉर्डातल्या टीना सिस्टरला विचारलं.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. "अंकल, सोनोग्राफी की मशीन ओटी में ही थी. उस दिन निकाली नहीं." ऑपरेशन थिएटरात गाठ काढून झाल्यावर त्या पोकळीत पाणी भरून प्रोब टेकवला की आत काय उरलंय ते पडद्यावर दिसतं, हेही तिनंच सांगितलं.

चंपतची कानशिलं तापली. कारखान्याच्या रेल मिलमध्ये एकतीस वर्षं त्यानं अशाच ध्वनिलहरींच्या मशीननं रूळ तपासले होते. वरून लखलखीत दिसणारा रूळ मशीनखाली आतून तडकलेला निघायचा.

मुलगी आम्रपाली अडवत होती, तरी तो सरळ खेरांच्या केबिनमध्ये शिरला.

"सायेब, मशीन होती, तं लावली कावून नाही?"

"ती कधी वापरायची ते सर्जन ठरवतो, काका. मला डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं. तुम्हाला ते समजणार नाही."

"मले समजते. लोखंडाचा रूळ बी आमी डोयानं पाहून पास नाही केला कधी. माही बायको त्या रुळाहून हलकी होती का?"

खेरांनी चष्मा काढला. "त्या दिवशी मागे दुसरी केस थांबली होती," ते हळू म्हणाले. "मशीन लावायला वीस मिनिटं जातात."

वीस मिनिटं. टेबलावरचा पेपरवेट चंपतनं उचलला. आम्रपालीनं त्याचं मनगट धरलं.

"ठेवा ते," दारातून रुक्मा म्हणाली. डोक्याला रुमाल, भिंतीचा आधार. "सायेब, तो तुकडा काढाचा हाय का नाही, तेवढं सांगा. आनि या वेळेस मशीन लावान, हे कागदावर लिवून द्या."

खेरांनी लिहून दिलं.

दुसरं ऑपरेशन पाच तास चाललं. गाठ निघाली असं वाटल्यावर त्यांनी प्रोब टेकवला, तर कडेला आणखी एक पांढुरका ठिपका दिसला. तोही काढला. पुन्हा पाहिलं, मगच कवटी बंद केली. पण दुसऱ्यांदा तिथं हात घातल्यामुळं रुक्माचा डावा हात लुळा पडला. व्यायामानं बराचसा परत येईल, पूर्ण येईलच असं नाही, असं खेर म्हणाले.

त्यांनी पडद्यावरचे फोटो चंपतला आणून दाखवले. "आता काही उरलेलं नाही."

चंपतनं फोटो नीट पाहिले. चांगलं काम होतं, हे त्याला कळत होतं, आणि त्यानंच तो जास्त पेटला.

"हे तुमाले येत होतं," तो म्हणाला. "येत असून नाही केलं. मी तक्रार लिहून राहिलो, सायेब. तिच्यात हे फोटो बी लावन."

चंपत वॉर्डात गेला. रुक्मा एका हातानं भाकर तोडायला बघत होती, आणि तिनं त्याला मदत करू दिली नाही.