पलंगाखालचे दोन कप्पे

आर्डिसच्या धाकट्या बहिणीने एकोणसत्तराव्या वर्षी तिसरे लग्न केले, त्यानंतरच्या जानेवारीत आर्डिसच्या राहत्या ट्रेलरचे दार लागेनासे झाले. लग्नाला जाऊन आल्यापासून आर्डिसला जगातल्या सगळ्या बिघाडांत नवऱ्याचा हात दिसत होता. दार त्याच खात्यावर गेले.

“डेल, दार नीट ओढ.”

“ओढलंय.”

“मग लागत का नाही?”

“फुगलं असेल.”

“वाळवंटात? आणि पत्र्याचं दार?”

डेल म्हणजे तिचा नवरा, डेलमार यॉस्ट. वय वर्षे शहात्तर, गुडघे त्याहून म्हातारे. तरी तो टोपी उलटी करून ट्रेलरखाली सरपटत गेला. पुढे जिथे ट्रेलर पिकअपला जोडायच्या दांड्याच्या दोन लोखंडी तुळया सांगाड्याला मिळतात, तिथे उजव्या तुळईवर पेन्सिलीने ओढावी तशी रेघ होती. त्याने नखाने खरवडली. नख आत गेले. रेघ नव्हती, तडा होता. बोटभर लांब, आत गंजाने लाल.

तो तसाच पडून राहिला. कॅन्सासमधले घर विकून आठ वर्षे झाली होती. उन्हाळ्यात उत्तर, हिवाळ्यात ऍरिझोनातला ट्रेलरवाल्यांचा हा तळ, आणि दोन्हींच्या मध्ये हे चाकांवरचे सव्वीस फूट. दुसरे घर नव्हते. होते ते मुलाचे तळघर. कर्टिसने तिथे गालिचाही घालून ठेवला होता आणि दर रविवारी फोनवर त्याचा रंग सांगायचा.

त्या तळावर एक रीत आहे. कुणाच्या ट्रेलरखालून दोन पाय बाहेर दिसले, की घंटा वाजल्यासारखी माणसे जमतात. प्रत्येकाच्या हातात कॉफीचा पेला आणि तोंडात सल्ला. डेलमार बाहेर निघेपर्यंत सातजण उभे होते. पुढे हॉलिस. तो मिनेसोटात पस्तीस वर्षे शाळेची बस चालवून निवृत्त झालेला.

“तडा?” हॉलिसने विचारले.

“ओरखडा आहे.”

हॉलिस वाकला, बघितले, उठला. “माझ्या मेव्हण्याला असाच ओरखडा होता. एके दिवशी वळणावर त्याचा ट्रेलर शेजारून पुढे जाताना दिसला. त्याने शिष्टाचार म्हणून हातसुद्धा केला.”

“जास्त वजन भरलं की असं होतं,” मागून कुणी तरी म्हणाले.

झाले. एवढे एक वाक्य डेलमारपुढे बोलायचे नव्हते.

कारण डेलमार यॉस्ट अडतीस वर्षे गव्हाच्या कोठारावर काट्याला होता. शेतकरी ट्रक घेऊन येत, तो खिडकीतून स्प्रिंगांकडे बघे आणि शंभर पौंडांच्या आत-बाहेर आकडा सांगे. मग काटा तेच बोले. भरला ट्रक तोलताना बायको, कुत्रा, सासू सगळी आत बसवायची आणि रिकामा तोलताना सगळ्यांना कॉफीला पाठवायचे, ही युक्ती त्याने इतक्यांची पकडली होती, की गावातली कुत्रीही त्याला ओळखून मान खाली घालत. अशा माणसाने स्वतःचा ट्रेलर दुसऱ्याच्या काट्यावर कधीच चढवला नव्हता. “माझे डोळे आहेत ना,” म्हणायचा.

“या ट्रेलरमध्ये चमचासुद्धा मी मोजून ठेवलाय,” तो सगळ्यांना म्हणाला. “हे लोखंडच हलकं. कारखान्याची चूक.”

“कारखान्याला कळव,” आर्डिस दारातून म्हणाली. “तोवर दार दोरीने बांधते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सेफेरिनो आला. ट्रकवर वेल्डिंगचे यंत्र, दाराच्या कप्प्यात बायकोने फडक्यात गुंडाळून दिलेले बरीटो. साठीचा, ठेंगणा, अख्ख्या तळाचे लोखंड त्याने एकदा तरी जोडलेले. तो ट्रेलरखाली गेला आणि तिथूनच बोलू लागला.

“सेन्यॉर यॉस्ट, पुढे काय भरलंय?”

“पलंग आहे.”

“पलंगाखाली?”

“दोन कप्पे. बाहेरून उघडतात. डावा हिचा, उजवा माझा.”

“रिकामे करा. ओझ्याखालचं लोखंड मी जोडत नाही. जोडलं तर वाकडं जोडलं जातं.”

कप्पे उघडणार ही बातमी तळावर पसरायला वारा लागला नाही. माणसे खुर्च्या घेऊन आली. एका बाईने तर विणकामही आणले.

पहिल्यांदा डावा कप्पा. आर्डिसने आधी बाहेर काढली एक घडीची खुर्ची. मग एक बादली. बादलीत दगड. मग दुसरी बादली. अश्म झालेले लाकूड, फोडले की आत स्फटिक चमकतात ते गोळे, हिरवे, तांबूस, आणि काही असे की जे दगडांनाही आवडले नसते. बादल्या सहा निघाल्या.

डेलमार आयुष्यभर याचीच वाट पाहत असावा तसा उभा राहिला.

“बघा!” तो खुर्च्यांकडे वळला. “मी टूथपेस्ट अर्धी संपवून भरतो, कारण पूर्ण जड होते. दोन शर्टांत हिवाळा काढतो. आणि ही बाई वाळवंट उचलून नेतेय!”

“दरवर्षी थोडेच घेते,” आर्डिस म्हणाली.

“थोडे! साडेतीनशे पौंड आहेत. बघूनच सांगतो.”

“मग आठ वर्षं काय बघत होतास?”

खुर्च्यांत हशा पिकला. डेलमारने तो आपल्याच बाजूचा धरला. सेफेरिनो मात्र हसला नाही. त्याने हातमोज्याने उजव्या कप्प्याकडे दाखवले. “आता हा.”

“त्यात हत्यारं आहेत,” डेलमार म्हणाला.

“हत्यारं काढा.”

“थोडीच आहेत.”

“सेन्यॉर, तडा उजवीकडे आहे.”

आर्डिसने वाट पाहिली नाही. खटका दाबून झाकण वर केले. आत जुने फ्लॅनेलचे पायजमे रचून ठेवले होते, बाळे निजवावीत तसे. ती एक उचलायला गेली आणि पायजमा जागचा हलेना.

“डेलमार यॉस्ट.” पूर्ण नाव ती चिडल्यावरच घेई. “हे काय आहे?”

पायजम्यांतून निघाली वजनाची लोखंडी मापे. मूठ असलेली, काळी, कडा घासून चकचकीत झालेली. एक, दोन, चार. हॉलिस आणि सेफेरिनोने ती वाळूवर ओळीने मांडली. बारा भरली.

“ही तर भंगारात गेली म्हणाला होतास!” आर्डिस म्हणाली.

“गेली होती,” डेलमार म्हणाला.

“कितीचं एक?” हॉलिसने विचारले.

“पन्नास पौंड,” डेलमारचा आवाज आपोआप ताठ झाला. “बरोबर पन्नास. केसभर इकडेतिकडे नाही.”

खुर्च्यांत बोटांवर हिशेब सुरू झाला. मग विणकाम करणारी बाई सुया थांबवून म्हणाली, “म्हणजे सहाशे.”

“आणि हे तू ट्रेलरच्या वजनात धरलं नव्हतंस?” हॉलिस म्हणाला.

डेलमारने त्याच्याकडे खरोखरच्या आश्चर्याने पाहिले. “मापं कोण धरतो? मापांनी बाकीचं तोलायचं असतं.”

हसता हसता हॉलिसची कॉफी सांडली. एकाला खोकल्याची उबळ आली. फक्त आर्डिस हसली नाही. कोठार पाडले तेव्हा ती डेलमारबरोबर गेली होती. दर सोमवारी उजाडताच हीच बारा मापे काट्यावर ठेवून तो काटा तपासायचा, मगच पहिला ट्रक चढायचा. नव्या मालकांनी सगळे भंगाराच्या ढिगात टाकले होते, मापेही. त्या दिवशी परत येताना तो गाडीत काहीच बोलला नव्हता. आता तिला कळले, नुसता गप्प नव्हता. मागे सहाशे पौंड होते.

“पायजमे तरी मला विचारून घ्यायचेस,” एवढेच ती म्हणाली.

सेफेरिनोने जॅक लावून सांगाडा उचलला. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडले, फट घासून रुंद केली, ओली फडकी लावून ट्रेलरच्या बुडाचा पत्रा झाकला आणि जोडले. वर पतंगाच्या आकाराची जाड पट्टी बसवली; सरळ कापलेल्या पट्टीच्या कडेला नवा तडा जातो म्हणाला. दुपारी दार बोटाने ढकलले तरी लागू लागले.

“आता ऐका,” तो हात पुसत म्हणाला. “जोड माझा आहे. जवळच्या खडीच्या खाणीवर ट्रक तोलायचा काटा आहे, तिथे जा. पिकअप आणि ट्रेलर मिळून बारा हजार सहाशे पौंडांच्या आत भरलं तर जा कुठेही. वर भरलं तर मुलाकडे जा आणि तिथंच राहा. रस्त्यावर माझं नाव घेऊन मोडू नका.”

“परक्याच्या काट्यावर?” डेलमार म्हणाला.

“तळघराचा गालिचा तपकिरी आहे,” आर्डिस म्हणाली. “मागच्या रविवारी बदललाय.”

खाणीच्या काट्यावर ट्वायला नावाची बाई होती. पन्नाशीची, च्युइंगम चघळणारी. तिला वाटले, म्हातारा खडी न्यायला आलाय. पण म्हाताऱ्याबरोबर सेफेरिनोचा ट्रक होता आणि त्यातून दोघे मिळून मापे उतरवत होते.

“हे काय चाललंय, आजोबा?”

“आधी मी तुझा काटा तोलणार. मग तू मला तोल.”

बारा मापे काट्याच्या चारही कोपऱ्यांना तीन-तीन ठेवली. डेलमार खिडकीशी गेला. आकडा सहाशे होता. त्याने मापे मध्यभागी हलवायला लावली. सहाशे. सेफेरिनोने कंबर धरली. डेलमारने टोपी काढली, पुन्हा घातली.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. काट्याला की स्वतःला, कळले नाही.

मग पिकअप आणि ट्रेलर काट्याशी आणले; दगडांच्या बादल्या तळावरच सोडल्या होत्या. चढायच्या आधी आर्डिसने पिकअपचे दार उघडले. “मी जरा कॉफी घेऊन येते.”

डेलमारचा पाय ब्रेकवर गेला. अडतीस वर्षांत हे वाक्य त्याने किती तोंडांतून ऐकले असेल!

“आर्डिस, आत बस.”

“अरे, मला खरंच कॉफी—”

“मोडलो तर मोडलो. काट्यावर लबाडी नाही. बस.”

ती बसली. बसताना तिची पिशवी पायाशी धप्पकन आपटली. कापडी पिशवी अशी आपटत नाही. डेलमारने पिशवीकडे पाहिले, तिने खिडकीबाहेर पाहिले.

“किती?” त्याने विचारले.

“एकच दगड आहे. पंचवीस असेल.”

“काट्यावर आहे ना? मग असू दे.”

ट्वायलाचा आकडा यायला वेळ लागला. डेलमारने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरले होते. इतकी वर्षे खिडकीच्या आत बसून त्याला ठाऊकच नव्हते, की बाहेरच्या माणसाला हा वेळ एवढा लांब वाटतो.

“बारा हजार पाचशे ऐंशी!” ती ओरडली. “चिठ्ठी हवी का?”

“हवी,” डेलमार म्हणाला. “दोन प्रती.”

मापे त्याने तिथेच ठेवली. हॉलिसने तंबूच्या कनाती दाबायला मागितली होती, पण त्याला दिली नाहीत. ट्वायला म्हणाली, वर्षातून एकदा तपासनीस येतो, मला कशाला? डेलमारने तिला कोपरे कसे तपासायचे ते अर्धा तास शिकवले. ती ऐकत राहिली. मधे दोनदा च्युइंगम बदलले.

“सोमवारी,” तो निघताना म्हणाला. “पहिल्या ट्रकच्या आधी.”

“बरं, आजोबा.”

त्यानंतर दोघांनी ट्रेलरमध्ये आणखी चार हिवाळे काढले. जोड टिकला.

लग्नाच्या पाचव्या वर्षी आर्डिसच्या बहिणीने तिसरा नवराही सोडला. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सव्वीस तारखेला, हिवाळ्याच्या तळाकडे जाताना, टेक्सासच्या उत्तर टोकाला रस्त्याकडेच्या एका मुक्कामात, सकाळी सातच्या सुमारास डेलमार यॉस्ट वारला. वय ऐंशी. एक बूट घातला होता, दुसरा हातात होता.