दुसरी ओळ

“आधी नाव घ्यायचं, मग सूर लावायचा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे सांगितल्याशिवाय माझ्या खोलीत कुणी तोंड उघडायचं नाही.”

गाण्याच्या बाईंचं हे सांगणं तिच्या कानात अजून जसंच्या तसं होतं. एखादी मुलगी विसरली, की बाई पेटीचा भाता दाबून धरत आणि ती नाव घेईपर्यंत गप्प बसून राहत. शिकवणी सुटली त्या दिवशी बाईंनी तिच्याकडून तसं वचनच घेतलं होतं, आणि तिनं ते नेमानं पाळलं. ओट्याशी गुणगुणायचं झालं तरी आधी नाव. नवरा थट्टा करायचा, “कुकरला कळलं हं शब्द कुणाचे ते. आता शिट्टी देईल.”

दुपारपर्यंत ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि उरलेल्या वेळात गाणी लिहायची. पूर्वी एका संगीतकाराला तिनं बरीच गाणी लिहून दिली होती. ती वाजली, गाजली, पण शब्दांपुढेही नाव लागलं त्यांचंच. एकदा धीर करून विचारलं, तर ते हसून म्हणाले, “अगं, तू तर घरचीच. घरच्या माणसाचं नाव काय घ्यायचं!” ती तिथून उठली ती कायमची. त्यानंतर कितीतरी दारं वाजवली, तेव्हा कुठे तिच्या नावाचं पहिलं गाणं रेकॉर्ड व्हायची वेळ आली.

त्या गाण्याची पहिली ओळ तिला चटकन सुचली होती. ‘दार नुसतं लोटलंय, कडी घातली नाही.’ दुसरी मात्र हाती लागेना. ती सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसली. सासूबाई शिवणकाम करायच्या. सून नवं गाणं आधी त्यांच्या मशीनसमोर म्हणून दाखवायची, ही घरातली रीतच होती. “हा शब्द टोचतोय गं,” असं त्या म्हणाल्या की तो शब्द जायचा. “इथं उसवतंय,” म्हणाल्या की कडवं नव्याने लिहावं लागायचं. त्या दिवशी पहिली ओळ ऐकून त्यांनी दातानं दोरा तोडला आणि मान वर न करता म्हणाल्या, “उशीर झाला म्हणून कुणी रागावणार नाही.”

झालं! गाणं पुरं झालं. रेकॉर्डिंगच्या वेळी गायिकेनं ती ओळ आपणहून पुन्हा एकदा म्हणून घेतली.

पुढच्या आठवड्यात, ते रेकॉर्डिंग ऐकून, रेडिओची निवेदिका मुलाखतीसाठी घरी आली. तिनं विचारलं, “ती दुसरी ओळ कशी सुचली हो तुम्हाला?”

“अशीच. सकाळी उठले आणि सुचली.”

आतल्या खोलीतलं मशीन थांबलं. क्षणभरच. मग पुन्हा चालू झालं. थोड्या वेळानं सासूबाई चहा घेऊन आल्या, निवेदिकेला बिस्किटांचा आग्रहही केला.

त्यानंतर मात्र एक झालं. ती नवं गाणं घेऊन गेली, की सासूबाई म्हणायच्या, “छान आहे.” दुसरं नेलं, तेही छान. टोचेना काही, उसवेनाही काही. आणि तिला स्वतःला तर स्वच्छ कळत होतं, की गाणी छान नाहीत.

गाण्याचं शेवटचं मिक्सिंग ऐकायला ती स्टुडिओत गेली, तेव्हा तिथल्या रेकॉर्डिस्ट काकांपाशी बोलून गेली, “आई हल्ली नुसतं छान छान म्हणतात. माझं लिहिणंच अडलंय.”

काकांनी आधी सगळं ऐकून घेतलं. अगदी मुलाखतीपर्यंत. मग म्हणाले, “ओळ त्यांची होती हे सांगितलं का नाहीत?”

“एकच तर ओळ, काका. आणि पहिल्यांदा माझं नाव लागतंय. लोक म्हणतील, हिला एक गाणंसुद्धा धड एकटीनं जमलं नाही. शिवाय आई काय परक्या आहेत? घरच्याच...”

ती मध्येच थांबली. हे वाक्य तिनं कुठे ऐकलं होतं, ते तिचं तिलाच आठवलं.

काका यंत्राकडे वळले. त्यांनी गाणं लावलं आणि दुसरी ओळ येताच गायिकेच्या आवाजाचं बटण खाली ओढून तो बंद केला. ‘दार नुसतं लोटलंय, कडी घातली नाही...’ पुढे नुसता ठेका. प्रत्येक कडव्यानंतर तसंच. दार उघडं आणि आत कुणी नाही!

“एकच ओळ,” काका म्हणाले. “बाई, गाणं कुणालाच एकट्याला होत नसतं. ज्यानं दिलं त्याचं नाव घेतलं, म्हणून आपलं पुसलं जात नाही. लपवलं की मात्र देणाऱ्याचा हात आखडतो. त्यांचा आखडलाच की.”

घरी येऊन ती मशीनपाशी खाली बसली.

“आई, ती ओळ तुमची होती. मी खोटं बोलले.”

“राग नव्हता गं,” सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. “मला वाटलं, मी मध्ये बोलते ते तुला कुणाला कळायला नकोय. मग कशाला बोला?”

“मुलाखत अजून लागायची आहे. उद्या रेडिओवर जाऊन तेवढं पुन्हा बोलून येते. तुमचं नाव लागणार.”

“एका ओळीला नाव? शिवलेल्या कपड्यावर शिवणारीचं नाव असतं का कधी?”

“कॉलरला असतं की.”

“ते दुकानाचं असतं, वेडे.”

“तेच तर चुकतंय ना, आई.”

सासूबाईंनी मशीनवरचा हात काढला.

“आडनाव कुठलं लावू, माहेरचं की इकडचं?” सुनेनं विचारलं.

“आडनाव राहू दे. नुसतं नाव पुरे.” आणि थोडं थांबून, “तुझ्या कालच्या गाण्यात ना, तिसऱ्या ओळीला उसवतंय.”

वाचकहो, बाहेरच्यांचे आभार आपण टाळ्या पडतील अशा आवाजात मानतो, आणि घरच्यांचं देणं ‘आपलंच’ म्हणून मुकाट वापरतो. कुणाच्या यशात आईची, बायकोची, सासूची अशी एक ओळ नसते? ती कुणाची, हे चारचौघांत सांगावं. त्यानं आपण लहान होत नाही, आणि देणाऱ्याला पुन्हा द्यावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेडिओच्या कार्यालयाकडे निघाली. आत मशीन चालू होतं. जिना उतरताना गाणं ओठांवर आलं. तिनं ते तिथेच अडवलं. इतकी वर्षं एका घरात राहून सासूबाईंचं नाव तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं, सदा आईच. आता तिनं ते सावकाश, स्पष्ट उच्चारलं. शेजारी आपलं नाव घेतलं.

मग सूर लावला, आणि रस्त्याला लागली.