पणजोबांचा बेताल ठोका

शनिवारी सकाळी नऊ वाजता हुवेई गावच्या देवळामागे, आमच्या हातबाहुली मंडळीच्या गोदामात शंभर-दीडशे माणसं दाटीवाटीने उभी होती. सगळ्यांचे डोळे कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर खिळले होते. पडद्यावर काहीच नव्हतं. तरीही दीडशे माणसं बघत होती.

"कोणी श्वाससुद्धा जोरात घेऊ नका," शुआन-दाशी म्हणाले. "यंत्राची स्मृती प्रवासाला गेली आहे. बटणाला हात लावाल तर ती वाटेतच राहील."

दाशी म्हणजे महाराज. आमच्याकडे दर दहा किलोमीटरला एक असतो. कोणी नोकरी लावतो, कोणी मूल देतो. हे दाशी मात्र नव्या जमान्याचे होते. पांढरा झगा आणि गळ्यात जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या चिपांची एकशे आठ मण्यांची माळ. लोकांनी श्वास रोखले. देवस्थानचे अध्यक्ष लू यांना दमा आहे, त्यांनी बिचाऱ्यांनी निम्माच रोखला.

एक मिनिट गेलं, दोन गेली, तीन गेली. पेटीतला पंखा घरघरत होता. दाशींनी पेटीवर पंजा ठेवून असा काही टाहो फोडला की छपरावरची कबुतरं उडाली. आणि चौथ्या मिनिटाला पडदा उजळला!

"ओऽऽ!" लोक ओरडले.

"आता पश्चिमेकडे तोंड करा आणि तीनदा वाका. सावकाश. मनापासून."

दीडशे पाठी दाशींकडे वळल्या. माझीही. मी मंडळीत पन्नास वर्षं ढोल वाजवतोय, माझा कुठल्याही दाशीवर विश्वास नाही, पण सगळे वाकत असताना एकट्याने ताठ उभं राहणं फार अवघड असतं. कंबर आपोआप वाकते. परत वळलो तेव्हा पडद्यावर मोठा आकडा होता: ६०००.

"मघाशी किती होता?" दाशींनी विचारलं.

"चोवीसशे!" लोक ओरडले. तो आकडा त्यांनी सुरुवातीलाच सर्वांना दाखवला होता. स्मृतीच्या डब्यावर सहा हजाराचा वेग छापलाय, आत मात्र चोवीसशेच चालतंय, म्हणजे कोणीतरी या यंत्राचा प्राण शोषतंय, असं त्यांचं निदान. मग त्यांनी पेटी उघडली आणि स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्या उपसून काढल्या. पट्टीच्या कडेला जी सोनेरी रांग असते तिला आमच्याकडे 'सोन्याची बोटं' म्हणतात. ती बोटं त्यांनी एका तांबड्या खड्याने चोळली. हा खडा म्हणे हजार वर्षांच्या झाडाचा चीक. खरोखर दिव्य सुगंध सुटला. मग सोनेरी कागद लावलेल्या आपल्या दोन 'सिद्ध' पट्ट्या त्यांनी जोडीला बसवल्या. दक्षिणेचं लाल पाकीट जाडजूड होतं.

हे यंत्र आमच्याकडे आलं चिएन आजोबांसाठी. आजोबा आमच्या मंडळीचे प्रमुख, वय एकोणऐंशी. एकटे पडद्याआड बसून राजा, राणी, भिकारी, वाघ, सगळ्यांचे आवाज काढायचे. तीन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता ते पाटीवर लिहितात. मागे राहिल्या बासष्ट कॅसेट, बुरशीच्या वासाच्या. त्यांची मुलगी आ-लिएन त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवत होती.

जाता जाता दाशी आजोबांजवळ वाकले. "स्मृती शुद्ध झाली की हरवलेलं सगळं परत येतं. आवाजसुद्धा."

आजोबांनी पाटी खाली ठेवली. नुसते डोळे पुसले. तिथे मला पहिल्यांदा त्या माणसाचा खराखुरा राग आला.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत यंत्र कधी मधूनच गोठायचं, कधी पडदा निळा करून स्वतःच बंद व्हायचं. आणि उतरवलेल्या आवाजात नवीनच काहीतरी ऐकू येऊ लागलं. आजोबांची राणी विलाप करतेय, आणि मध्येच, टक्! पुढे वाघ डरकाळी फोडतोय, टक्-टक्!

आ-लिएनने दाशींना फोन केला. दाशी धावत आले, डोळे मिटून ऐकलं आणि थरथरले.

"कोण वाजवतंय हे? तुमच्या घराण्यात कोणी लाकडी टाळ वाजवायचं?"

"माझे पणजोबा!" आ-लिएन म्हणाली. "त्यांनीच मंडळी काढली!"

झालं! हुवेईभर झालं. मेलेले पणजोबा कॉम्प्युटरमध्ये येऊन टाळ वाजवतात. लोक रांगा लावून ऐकायला येऊ लागले. पेटीसमोर अननसाच्या वड्या आणि उदबत्त्या. उदबत्तीचा धूर पंख्यातून आत, यंत्र आणखी तापतंय, पणजोबा आणखी वाजवतायत.

मी ऐकलं आणि आजोबांना बाजूला घेतलं. "हा ठोका बेताल आहे. मी तुमच्या आजोबांच्या, म्हणजे याच पणजोबांच्या हाताखाली शिकलोय. झोपेत वाजवलं तरी त्यांचा हात चुकायचा नाही."

आजोबांनी रागाने लिहिलं, "मेल्यावर हात जड होत असेल."

मी ढोलाकडे परतलो.

पण दाशींची पुढची मागणी ऐकून माझं डोकं फिरलं. "पणजोबांचा जीव अर्धा यंत्रात आणि अर्धा कॅसेटमध्ये अडकलाय. रविवारी सकाळी दहा वाजता सगळ्या कॅसेट देवळाच्या भट्टीत जाळा, म्हणजे ते पूर्ण उतरतील." भट्टी म्हणजे पूर्वजांसाठी कागदी पैसे जाळायची. अध्यक्ष लू यांनी ती घासून-पुसून ठेवायला सांगितलीसुद्धा.

शुक्रवारी माझी दाढ ठणकू लागली. पणजोबांचे उपकारच म्हणायचे. मी वेंग डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा झालो. वेंग बाई दातांच्या डॉक्टर, चाळिशीच्या, हात हलका आणि जीभ तिखट. सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटर खोलून त्यांचा वेग वाढवण्याचा त्यांना नाद आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी तोंडात कापूस घेऊनच सगळी हकीकत सांगितली.

"चार पट्ट्या?" त्यांनी आरसा तोंडातून बाहेर काढला. "दोन एका जातीच्या आणि दोन दुसऱ्या? आणि चारही सहा हजारावर?"

"आँ."

"पडदा चार मिनिटं काळा होता? आणि मग तुम्हाला पश्चिमेकडे वाकायला लावलं?"

"आँ."

"तेव्हा तुमची पाठ कोणाकडे होती, काका?"

मी तोंड मिटलं. त्यांचं बोट आतच होतं.

"आईगं! चावू नका. रविवारी किती वाजता?"

रविवारी पावणेदहाला कॅसेटचं खोकं भट्टीच्या तोंडाशी होतं. यंत्र गोदामातून अंगणात मांडून ठेवलेलं, कारण पणजोबा सगळ्यांसमोर उतरणार होते. आ-लिएन खोक्याला हात लावून उभी होती, सोडवतही नव्हतं आणि आत ढकलवतही नव्हतं. तेवढ्यात वेंग डॉक्टर स्कूटरवरून उतरल्या, खोक्यापाशी आल्या आणि शांतपणे त्यावर बसल्या.

"उठा!" दाशी गरजले. "मुहूर्त टळेल!"

"टळू दे. अध्यक्ष, मलाही थोडी सिद्धी आहे. दाशींनी केलं ते मी करून दाखवते. नाही जमलं तर खोकं मी स्वतः भट्टीत टाकते."

लोकांना दोन खेळ एका दिवशी फुकट मिळत होते. "करू दे! करू दे!" असा गलका झाला. अध्यक्ष लू यांनी मान हलवली.

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं, वायर काढली, झाकण उघडलं आणि चारही पट्ट्या उपसल्या. "तो तांबडा खडा द्या बघू." दाशींनी मूठ आवळली. आ-लिएननेच ती उघडली. डॉक्टरांनी खडा हुंगला आणि खिशातल्या चाकूने कापला. तांबडा रंग फक्त वरून होता. आत पांढरं.

"खोडरबर आहे. शाळेतलं. स्ट्रॉबेरीच्या वासाचं." मग लोकांकडे वळून म्हणाल्या, "कडा काळवंडल्या असतील तर खोडरबराने पुसणं चांगलंच. दुकानदारही पुसतात. फक्त हजार वर्षांचं लागत नाही."

त्यांनी पट्ट्या परत बसवल्या आणि बटण दाबलं. पडदा काळा.

"आता मंत्र," त्या म्हणाल्या आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "रोज दोनदा दात घासा. वरचे वरून खाली, खालचे खालून वर. गोड खाल्ल्यावर चूळ भरा. सुपारी खाऊ नका, अध्यक्ष, तुम्हाला सांगतेय..."

यंत्रावर आ-लिएनने मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवली होती. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. डॉक्टरांनी ती फोडून खायला घेतली. लोक हबकले. पुडी संपत आली आणि पडदा उजळला!

"ओऽऽ!" लोक सवयीने ओरडले.

"ओ नाही आणि आ नाही. रॅम बदलली की या नव्या यंत्रांना तिची ओळख करून घ्यायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडदा काळा राहतो. मंत्र म्हणा, शिव्या द्या किंवा कुरकुरे खा. दाशींना हे ठाऊक आहे, तुम्हाला नाही. एवढीच त्यांची सिद्धी."

"आणि सहा हजार?" अध्यक्ष लू यांनी विचारलं. "ते तर आम्ही डोळ्यांनी पाहिलं!"

"पाठ वळवून पाहिलंत. आता कोणी वाकू नका. पुढे या." यंत्र पुन्हा सुरू करताना त्यांनी एक बटण दाबलं आणि सेटिंगचं पान उघडलं. "डब्यावर लिहिलेला वेग यंत्र आपणहून लावत नाही, सावधपणे कमी वेगाने चालतं. वेग हवा असेल तर ही ओळ चालू करायची. बंद. चालू. तुम्ही पश्चिमेला वाकलात तेव्हा हे झालं."

"पण चोवीसशे होतं!" मागून कोणी ओरडलं.

"रॅम एका फेरीत दोन खेपा टाकते, जाताना एक, येताना एक. एक खिडकी फेऱ्या मोजते, दुसरी खेपा. दाशींनी आधी फेऱ्यांचा आकडा दाखवला आणि नंतर खेपांचा. चोवीसशे फेऱ्या म्हणजे अठ्ठेचाळीसशे खेपा. तिथून सहा हजार. खरा फरक एवढाच."

दाशी ताठ झाले. "जिथे श्रद्धा नाही तिथे माझी शक्ती चालत नाही."

"यंत्राला श्रद्धा कळत नाही, दाशी. त्याला बटण कळतं."

मग त्यांनी पेनड्राइव्ह लावून रॅमची तपासणी सुरू केली. दहाव्या मिनिटाला पडद्यावर लाल ओळींचा पूर आला. "हे तुमचे पणजोबा," डॉक्टर म्हणाल्या. "एवढ्या वेगाला चार बेमेळ पट्ट्या झेपत नाहीत. मग रॅम ठेवायला दिलेलं जसंच्या तसं परत देत नाही. आकडा बिघडतो, आवाजात टक् होतं, आणि तसंच साठवलंही जातं." दाशींच्या 'सिद्ध' पट्ट्यांवरचा सोनेरी कागद त्यांनी नखाने सोलला. खाली अगदी साधं, संथ वेगाचं लेबल होतं.

आ-लिएनचा चेहरा उतरला. "म्हणजे मी उतरवलेलं सगळं..."

"जेवढं यांच्या पट्ट्या बसल्यावर उतरवलं, ते सगळं संशयास्पद. पुन्हा उतरवावं लागेल. कॅसेट आहेत ना?"

सगळ्यांचं लक्ष एकदम खोक्याकडे गेलं आणि मग भट्टीकडे. दहा वाजून गेले होते. आ-लिएनने खोकं उचललं आणि छातीशी धरलं.

डॉक्टरांनी मूळच्या दोन पट्ट्या ठेवल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. यंत्राच्या माहितीपुस्तकात तसंच छापलेलं आहे, आमच्यापैकी कोणी ते उघडलं नव्हतं. वेग सहा हजार आणि पुन्हा तपासणी. तिला दोन तास लागले. तेवढ्यात लोकांनी मांसाचा खिमा-भात खाल्ला, शेंगदाणे फोडले, आणि दाशींना लाल पाकीट परत करायला लावून गावाबाहेर पोचवलं. जाताना म्हणे त्यांची स्कूटर सुरू होईना. कोणीतरी तिलाही मंत्र म्हणायला सांगितलं.

एकही लाल ओळ आली नाही. आ-लिएनने राणीच्या विलापाची कॅसेट पुन्हा उतरवली. आम्ही शेवटपर्यंत ऐकली. कुठेही टक् नाही.

आजोबांनी पाटी उचलली. मग लिहिलं, "म्हणजे माझे आजोबा आले नव्हते."

"नाही, बाबा," आ-लिएन म्हणाली.

त्यांनी डॉक्टरांकडे पाहून खाली लिहिलं, "माझा आवाज?"

आम्हा कोणालाही तिथे उभं राहवेना. डॉक्टर मात्र त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "घशातला परत येणार नाही, आजोबा. येईल म्हणणारा खोटं बोलतो. पण या खोक्यात जेवढा आहे तेवढा जाऊ द्यायचा नाही."

आजोबांनी पाटी पुसली आणि आ-लिएनला खूण केली. दुसरी कॅसेट लाव.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावात एक नवे दाशी आल्याचं ऐकलं, ते म्हणे वायफाय शुद्ध करतात. त्या गावच्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे. मोठे वाद घालू नका, वादात ते लोक आपल्याला भारी पडतात. पाठ वळवायला सांगितलं तर वळवू नका. आणि चमत्कार दाखवला तर विचारा: हेच सगळं मंत्र न म्हणता, दुसऱ्या कोणी करून पाहिलं तर काय होतं? आणि कोणी काहीच न करता नुसतं थांबलं तर? एवढे दोन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. फक्त सगळे वाकत असताना थोडा वेळ ताठ उभं राहावं लागतं.