मूठभर कोंड्याचा मुलगा

वाल्मीकचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं, वऱ्हाड जेवलं, नवरी सिन्नरहून नाशकात आली. आता हे काहीच झालं नाही असं समजा. कारण मामलेदार कचेरीतून कागद हातात पडेपर्यंत काही झालेलं नसतं, आणि त्याचा बाप रंगनाथ याच्या हातात अजून कागद नव्हता.

गंगापूरच्या रस्त्याला रंगनाथाची पेरूची बाग. वाल्मीक एकुलता एक. सोयरीक जमली सिन्नरच्या सावळीरामशी. माणूस भला, पण बालविवाहबंदीचा सारडा कायदा आल्यापासून त्याला ताटातल्या भाकरीचंसुद्धा वय विचारावंसं वाटे.

"पोराला अठरा पुरी हायेत याचा सरकारी कागद दावा," तो म्हणाला. "नायतर तुम्ही मांडवात आन् मी कोर्टात. पोरगी दुसरीकडं देईन."

रंगनाथ कचेरीत गेला. कारकुनाने जन्मनोंदींची बुकं काढली, धूळ झटकली, थोडी रंगनाथावरही झटकली. रंगनाथाच्या नावावर एकही मुलगा नव्हता.

"तुम्हाला मुलगा झालेला नाही," कारकून म्हणाला.

"रावसाहेब, तो बाहेर उभा हाय."

"उभा असेल. झालेला नाही."

घरी कुसाबाई तांदूळ निवडत होती. नवऱ्याचं ऐकून तिने सूप खाली ठेवलं नाही.

"तुमच्या नावावर कसा घावंल? आपण इकला नाय का त्याला?"

तेव्हा कुठे रंगनाथाच्या डोक्यात उजेड पडला. आधीची पोरं पाचवी पुजण्याआधी, नोंद होण्याआधीच गेली होती. म्हणून हा जन्मला तसा, सटवाईची नजर चुकवायला, शेजारच्या, कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या अब्बास पिंजाऱ्याच्या बायकोने, गुलजारबीने, मूठभर कोंडा देऊन विकत घेतला. पाटील नोंद करायला आला तर रंगनाथाने छातीठोकपणे सांगितलं, पोर अब्बासचं. सटवाईला फसवायचं आणि पाटलाशी खरं बोलायचं, हे जमणार कसं? पोर कुसाबाईच्या दुधावर वाढलं, जगलं. सटवाई फसली, आणि तिच्या जोडीला मुंबई सरकार.

दुसऱ्या दिवशी अब्बासला बरोबर नेला. त्याच्या नावावर नोंद लगेच सापडली. तारखेप्रमाणे पोर अठरा ओलांडून गेलं होतं.

"खरा बाप कोण ते लिहून द्या," कारकून म्हणाला, "नोंद दुरुस्त करतो."

रंगनाथाने टाक उचलला आणि तसाच ठेवला. निघताना कुसाबाईने बजावलं होतं, "खरं लिवलंत तर सटवाईला कळंल."

"असू दे, रंगनाथभाऊ," अब्बास म्हणाला. "माझ्या नावावर पोरगा सुखरूप राहिला. तुझ्या नावावर गेला तर तुझ्यासारखा घोरायला लागेल."

"आत्ताच घोरतो."

"बघ. मग नोंद कशाला पाहिजे?"

आहे तशी नक्कल घेऊन रंगनाथाने सिन्नर गाठलं. सगळी हकिगत सांगितली. सावळीरामने नक्कल तिघांकडून वाचून घेतली.

"म्हंजे कागदावर माझे व्याही पिंजारी."

"कागदावर."

"आन् वय?"

"तेवढं खरं हाय."

सावळीरामने नक्कल उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग त्याच्या ध्यानात आलं, की कायदा वय विचारतो, बाप विचारत नाही.

"त्या बाईला मांडवात आणा," तो म्हणाला. "जिनं इकत घेतला तिचा मान पयला. आन् जमलं तर गाद्या त्यांच्याकडून."

आता लग्न झालं म्हणायला हरकत नाही. मांडवात वरमाया दोन होत्या. कुसाबाई डोळे पुसत होती आणि गुलजारबी ज्याला त्याला सांगत होती, की त्या साली कोंडा फार महाग होता.

सगळं गोड झालं. तरी आपण सरकारदरबारी निपुत्रिक, हे रंगनाथाला जरा खुपत राहिलं. शेवटी कुसाबाईशी सल्लामसलत करून त्याने कचेरीबाहेरच्या अर्जनविसाला मजकूर सांगितला:

"मेहेरबान मामलेदारसाहेब, तालुका नाशिक, यांचे सेवेशी. अर्जदार रंगनाथ याची विनंती ऐसीजे, मुलगा वाल्मीक यास दफ्तरी अर्जदाराचे नावे दाखल करावे. मात्र अब्बास पिंजारी यांचे नाव कमी करू नये. आणि सदर फेरफाराची खबर सटवाईस कोणत्याही खात्यामार्फत लागू न देण्याबद्दल हुकूम व्हावा."