लंगडी मेंढी

वडीगोद्रीच्या राधाकिसनने मेंढरं कधीच विकली होती, पण त्याच्या डोक्यातून ती काही गेली नाहीत. म्हातारपणी बाकी सगळं विसरला, मेंढरं तेवढी राहिली. बायको गोपिकाबाईलाही तो कधी आई म्हणे, कधी ओळखतच नसे. तरी घरात निभत होतं.

दिवाळीनंतर तो एकाएकी मारू लागला. सून वर्षाराणी पाय धुवायला बसली की लाथ, मोजा ओढायला गेली की काठी. शेवटी तिने पायांना हात लावणंच सोडलं. "मेंढी लंगडून राह्यली, खूर पाह्य," एवढंच तो दिवसभर ओरडायचा.

"मेंढरं इकली न्हाई का, आबा," मुलगा भागवत सांगून थकला. सुनेचा ओठ फुटला तेव्हा त्याचा धीर सुटला. कुणीतरी सांगितलेली डोकं शांत करायची गोळी त्याने डॉक्टरला न विचारता आणली. गुण बरोबर आला. राधाकिसन भिंतीला टेकून बसून राहू लागला, लाळ गळू लागली, ओरडणं थांबलं. घराला बरं वाटलं, आणि मला राग येतो तो याचाच.

"हातपाय लाकडावानी झालेत रे," गोपिकाबाई म्हणाली.

"झोपू दे," म्हणत भागवतने एकाची दीड केली.

मग ताप चढला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मोजा कापून काढला. टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, पाय घोट्याच्या वर काळा पडला होता.

"असा विसर पडलेला माणूस चिडला की आधी दुखणं शोधायचं," त्या म्हणाल्या. "काटा काढून साधी दुखण्याची गोळी दिली असती तरी भागलं असतं. ही गोळी सगळ्यात शेवटी, तीही थोडी, आमच्या नजरेखाली."

लाथ मारणाऱ्या मेंढीला मारायचं नाही, आधी तिचा खूर उलटून पाहायचा, हे भागवतला बापानेच शिकवलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे मेंढपाळाच्या पोराने तरी करू नये.

पाय गुडघ्याखालून कापावा लागला. ती गोळी सुटली, दुखण्याची साधी गोळी सुरू झाली. हळूहळू लाळ थांबली, राधाकिसन बोलू लागला. लाथ नाही, शिवी नाही.

"लंगडी मेंढी दिसत न्हाई," तो भागवतला म्हणाला. "खूर पाह्यला का तिचा?"

"पाह्यला, आबा."

"मंग बरं केलं. मुकं जनावर हाय, सांगंल कुणाला?"